बातमीचे टपाल
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



मी पोस्टातून निवृत्त झालेला मनुष्य. तेव्हा टपालासारख्याच एका सोयीविषयी चार शब्द बोलतो.

गेल्या वर्षी आपल्या शिष्यवृत्तीची सूचना संस्थेच्या संकेतस्थळावर वेळेवर लागली होती. माझ्या भाचीच्या मुलीचा अर्ज मात्र मुदतीनंतर दोन दिवसांनी आला आणि नियमाप्रमाणे परत गेला. चूक माझी. व्हॉट्सॲपवर आलेली सूचना सुप्रभातांच्या ढिगाखाली गडप झाली, आणि संकेतस्थळ रोज उघडून पाहण्याची सवय मला नाही. कोणाला आहे?

ह्यावर उपाय जुनाच आहे. पुष्कळ संकेतस्थळे आपल्या नव्या मजकुराची यादी, म्हणजे मथळा, तारीख व दुवा, एका फाइलीत मांडून ठेवतात. तिला फीड म्हणतात. तिची आरएसएस ही पद्धत १९९९ साली नेटस्केप कंपनीने काढली. आपण फीड रीडर नावाचे ॲप घ्यावयाचे व त्यात हव्या त्या संकेतस्थळांचे पत्ते घालावयाचे. मग ते ॲप ठरावीक वेळाने प्रत्येक दारी जाऊन ‘नवीन काही आहे काय?’ असे विचारते, आणि जे असेल ते आणून आपल्यापुढे ठेवते. आमचा पोस्टमन पत्र आले तरच दारी येई. हा स्वतःच फेऱ्या घालतो.

ह्यालाही वर्गणीदार होणे असेच म्हणतात. घाबरू नका, खिशात हात घालावयाचा नाही! (हशा) संकेतस्थळास आपले नाव वा फोन नंबरही कळवावा लागत नाही. नकोसे झाले की पत्ता खोडावा. फेसबुकात आधी काय दिसावे हे कंपनीचे यंत्र ठरवते. येथे साधा तारखेचा क्रम लावता येतो.

गूगलचा रीडर पुष्कळांच्या अंगवळणी पडला होता; तो कंपनीने २०१३ साली बंद केला. म्हणून आपल्या पत्त्यांची यादी अधूनमधून उतरवून घ्यावी. ओपीएमएल नावाच्या फाइलीत ती मिळते आणि दुसऱ्या रीडरात जशीच्या तशी चालते.

आता चिटणीसांस एक विनंती. आपले संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे, म्हणजे फीड आपोआप तयार होते. परंतु जुन्याच पानावर तारीख बदलली तर फीडमध्ये नवी नोंद येत नाही. प्रत्येक सूचना नवी पोस्ट म्हणून घालावी. मथळाही ‘महत्त्वाची सूचना’ एवढाच नसावा. ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द व शेवटची तारीख मथळ्यातच यावी, कारण पुष्कळजण तेवढेच वाचतात. मीही त्यांतलाच.

सभेनंतर मी मागच्या पडवीत बसणार आहे. ज्यांना ही सोय करून हवी असेल त्यांनी मोबाईल घेऊन यावे. चष्मा मात्र विसरू नये.