वेलीचा सुगंध आणि रात्रीचे पतंग

बागेत सुगंधी वेल लावायची म्हटली की आपण आधी फुलाचा रंग पाहतो आणि मग कुंपणाची मोकळी जागा शोधतो. माझे म्हणणे असे, की विचाराची सुरुवात सुगंधापासून व्हावी. तो आपल्यासाठी नसतो. ज्याच्यासाठी असतो त्याची सोय पाहिली, की वेल कोणती निवडावी, कुठे लावावी आणि निगा कशी राखावी, हे सारे उलगडत जाते.

युरोपातली हनीसकल पाहा. ब्रिटनमध्ये रानाच्या कडेला आणि शेतांच्या जिवंत कुंपणांत ही वेल आपसूक वाढते. फुलाची नळी लांब आणि अरुंद, मध पार तळाशी. तिथवर पोचते ती हॉकमॉथ पतंगांची लांब सोंड. यांतले बरेच पतंग दिवेलागणीनंतर बाहेर पडतात, म्हणून नवे फूल संध्याकाळी उमलते, अंधारातही दिसेल असे फिकट असते आणि त्याचा वास रात्री दरवळतो. पुढे ते पिवळे पडत जाते. याउलट आग्नेय अमेरिकेतली ट्रम्पेट हनीसकल लालभडक असते. तिच्याकडे हमिंगबर्ड येतात. पक्ष्याला खुणावते ते रंगाने, त्यामुळे तिला वास जवळजवळ नाहीच. रोपवाटिकेत लाल रंगावर भाळणाऱ्याला बहर मिळेल, सुगंध मिळणार नाही.

जागेचेही तसेच. रानाच्या कडेच्या या वेलीची मुळे पालापाचोळ्याखाली ओलसर सावलीत असतात आणि शेंडा उजेडाकडे धावतो. तापलेल्या भिंतीशी, कोरड्या मातीत लावली की ती मावा आणि भुरीला लवकर बळी पडते. मग फवारणी होते, आणि ज्या पतंगांसाठी सुगंध आहे तेच मरतात. त्यापेक्षा बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पाणी द्यावे आणि बहर ओसरताच फुलून गेलेल्या फांद्या सुमारे एक तृतीयांश छाटाव्यात.

ही वेल झाडाला आवळते, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. हेझलच्या कोवळ्या खोडावर तिचा पीळ कायमचा उमटतो. पण व्हाइट अ‍ॅडमिरल फुलपाखराची अळी हिच्याच पानांवर जगते आणि डॉरमाउस हा उंदरासारखा छोटा प्राणी हिच्या सालीच्या धाग्यांनी घरटे विणतो. तेव्हा तिला स्वतंत्र मांडव द्यावा, उपटू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 1806 साली अमेरिकेत नेलेली जपानी हनीसकल आज तिथल्या पूर्वेकडच्या रानांत माजली आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो: वेल निवडताना तिचे मूळ घर विसरून चालत नाही.

म्हणूनच दख्खनच्या उन्हाळ्यात युरोपीय हनीसकलचा हट्ट धरू नये. आशियाच्या उष्ण भागातली आपली मधुमालती हेच काम करते. तिची लांब नळीची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होतात. पतंग येतात ते पांढऱ्या फुलांवर, रात्री. पतंग हवे असतील तर त्यांच्या अळ्याही सोसल्या पाहिजेत. तगरीची किंवा कण्हेरीची पाने फस्त करणारी, पुढच्या बाजूला निळे डोळे असल्यासारखी दिसणारी जाड हिरवी अळी हॉकमॉथचीच असते. ती दिसताच औषधाचा पंप उचलायचा आणि वेलीकडून मात्र सुगंधाची अपेक्षा ठेवायची, हे परस्परविरोधी आहे. चार पाने गेली तर जाऊ द्यावीत. तगर पुन्हा पालवते.