निरोगी बंदराचा दाखला

वैद्यकीय तपासणी आटोपून बाहेर पडलेला इंग्रज गृहस्थ आप्तेष्टांना समाधानाने सांगतो की, डॉक्टरांनी आपल्याला ‘क्लीन बिल ऑफ हेल्थ’ दिले. आणि एखाद्या पेढीचे हिशेब तपासणारा अधिकारी किंवा चौकशी समितीचा अध्यक्षही, प्रकृतीचा काडीमात्र संबंध नसताना, तोच वाक्प्रचार निःशंकपणे वापरतो. आपल्याकडेही तो आता चांगलाच रुळला आहे. परंतु ज्या कागदावरून तो निघाला, त्या कागदाचा कोणाच्या नाडीशी अगर छातीच्या ठोक्यांशी संबंध नव्हता. तो बंदरावरच्या अंमलदाराने गलबताच्या कप्तानाच्या हाती ठेवलेला, शिक्कामोर्तब केलेला दाखला होता, आणि त्यात ग्वाही दिलेली असे ती माणसाची नव्हे, गावाची.

चौदाव्या शतकाच्या मध्यावर भूमध्य समुद्रातील गलबतांबरोबर प्लेग युरोपात उतरला आणि त्याने शहरेच्या शहरे ओस पाडली. 1377 साली रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या व्यापारी नगरराज्याने हुकूम काढला की, साथीच्या मुलखातून येणाऱ्याने महिनाभर बाहेर मुक्काम केल्यावाचून शहरात पाऊल टाकू नये. 1423 साली व्हेनिसने आपल्या खाजणातील एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचे रुग्णालय उभारले. पुढे एकांतवासाची मुदत चाळीस दिवसांची झाली आणि ‘क्वारंटाइन’ हा शब्द त्या चाळिसांतूनच जन्मला. मात्र आलेले प्रत्येक जहाज चाळीस दिवस अडकवून ठेवले, तर ज्या व्यापारावर ही नगरे जगत होती तो व्यापारच बुडायचा. तेव्हा कोणाला अडवावे आणि कोणाला सोडावे, हे ठरविण्यासाठी निघाल्या बंदराची लेखी साक्ष मागण्याची वहिवाट पडली.

या दाखल्याचे मुख्य प्रकार तीन. बंदरात व आसपास साथ नसेल तर स्वच्छ, साथीची वदंता असेल तर संशयित, आणि साथ प्रत्यक्ष सुरू असेल तर दूषित. जॉन इव्हलिन या इंग्रज दैनंदिनीकाराने 1644 साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरून जिनोआकडे निघताना असा दाखला मिळविल्याची नोंद केली आहे, आणि त्यावाचून इटलीतील कोणत्याही गावात प्रवेश नाही, असेही लिहून ठेवले आहे. कागद हाती घेण्यापूर्वी तो चिमट्याने धरावा, व्हिनेगारात बुडवावा, धुरी द्यावी, अशी रीत होती. कारण रोगाचे बीज कागदातूनही येत असेल, अशी त्या काळची समजूत.

कारागृहसुधारक जॉन हॉवर्ड याने तर 1785–86च्या प्रवासात स्मर्ना बंदरातून दूषित दाखल्याचे जहाज बुद्धिपुरस्सर निवडले, ते अशासाठी की व्हेनिसच्या एकांतगृहात स्वतः कोंडून घेतल्यावाचून तेथील बंदिवानांचे हाल आपल्याला कळणार नाहीत. तेथे मिळालेल्या घाणेरड्या खोलीला त्याने चुन्याचा हात फिरवून घेतला, आणि सुटकेनंतर, 1789 साली, युरोपातील एकांतगृहांवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. लोकसेवेचे व्रत किती कठोर असू शकते, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

पण या कागदाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ज्या एका घटनेत उघडी पडली, ती मार्सेय बंदराची. ‘ग्रँ सेंत-आंत्वान’ नावाचे व्यापारी जहाज 1720 साली लेव्हांटच्या, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील, किनाऱ्यावरून रेशीम व कापसाचे गठ्ठे भरून परत निघाले. कप्तान शातो याच्यापाशी स्वच्छ दाखले होते. जहाज समुद्रात शिरल्यावर एक तुर्की उतारू मेला, मागोमाग काही खलाशी मेले, आणि खुद्द जहाजावरचा शस्त्रवैद्यही गेला. तरी दाखला जसाच्या तसा स्वच्छ होता, कारण निघण्याच्या दिवशीची साक्ष त्यानंतरच्या दिवसांविषयी काय बोलणार? 25 मे रोजी जहाज मार्सेयपुढे नांगरले. इतके मृत्यू झाल्यावर सगळा माल दूरच्या बेटावर ठेवणे प्राप्त होते. पण तो मौल्यवान होता, त्यात शहराच्या एका प्रमुख नगरप्रशासकाची भागी होती, आणि ब्यूकेअरची मोठी जत्रा तोंडावर आली होती. गठ्ठे शहरालगतच्या एकांतगृहात उतरविले गेले. ते हाताळणारे हमाल आधी पडले, जूनअखेर रोग शहराच्या गल्ल्यांत शिरला, आणि सुमारे 90 हजार वस्तीपैकी 40 हजारांच्या आसपास माणसे दगावली. सप्टेंबरात राजाज्ञेने ते जहाज जाळण्यात आले. दाखला देणाऱ्यांनी खोटे लिहिले असे म्हणता येत नाही. पण ज्यांच्या डोळ्यांपुढे मृत्यूंची कैफियत होती त्यांनी ती बाजूला सारली, हा अपराध मात्र अक्षम्य होता.

गठ्ठ्यांतून नेमके काय आले, याचा उलगडा व्हायला पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. 1894 साली हाँगकाँगमध्ये येर्सिन याने प्लेगचा जंतू ओळखला, आणि 1898 साली सिमाँ याने कराचीत प्रयोग करून उंदरावरची पिसू ही त्याची वाहक असल्याचे दाखविले. मधल्या काळात ही आपत्ती आपल्या दाराशी आली होती. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग्याची लक्षणे पाहून हा प्लेगच आहे असे निदान केले, आणि मुंबई दूषित बंदरांत जमा झाली. 1897 साली आंतरराष्ट्रीय आरोग्यपरिषद भरली ती नेमकी व्हेनिसमध्ये, आणि तिचा मुख्य विषय हिंदुस्थानातून येणारा प्लेग हाच होता. त्या वर्षी मुंबईहून निघणारी हजची यात्राही सरकारने बंद ठेवली.

पुढे हा दाखला हळूहळू निरुपयोगी ठरत गेला. 1934 साली पॅरिसमध्ये काही राष्ट्रांनी तो आपसांत रद्द करण्याचा करार केला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1951 साली संमत केलेल्या नियमांनी कोणत्याही जहाजाकडून तो मागण्यास मनाई केली. त्याच्या जागी आले ते कप्तानाचे स्वतःचे निवेदन. निघाल्या गावाविषयी शिफारस मागण्याऐवजी त्यात जहाजालाच प्रश्न विचारलेले होते: प्रवासात कोणास प्लेग, पटकी, देवी यांपैकी काही झाले काय, अपघातावाचून कोणी मेले काय, जहाजावरचे उंदीर नेहमीपेक्षा अधिक मेले काय. उत्तरांखाली कप्तानाची सही लागे, आणि जहाजावर डॉक्टर असल्यास त्याचीही.