निष्ठांचा संघर्ष आणि नारायण वामन टिळक



1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलात असलेल्या, परंतु नगरच्या इंग्रजी हद्दीला लागून वसलेल्या या मुलखात, एका सरकारचा हुकूम आणि सरहद्दीपलीकडची सोयरीक यांच्यामध्ये उभे राहणे म्हणजे काय, हे वडीलधाऱ्या मंडळींना ग्रंथांतून शिकावे लागले नसावे. म्हणूनच नगरला ज्यांचे पुष्कळ आयुष्य गेले, त्या, निष्ठांच्या अशाच पेचात सापडलेल्या नारायण वामन आणि लक्ष्मीबाई टिळक या ख्रिस्ती झालेल्या दांपत्याविषयी येथे बोलावेसे वाटते.

ज्या ख्रिस्ताने आपल्या शिष्याकडून मातापित्यांहूनही अधिक प्रेमाची अपेक्षा केली, त्यानेच क्रूसावर प्राण जात असताना आपल्या मातेला प्रिय शिष्याच्या हवाली केले. श्रेष्ठ निष्ठेने कनिष्ठ निष्ठेचे ऋण बुडत नाही, असा मी याचा अर्थ घेतो. आणि याच कसोटीवर टिळकांची पहिली कृती उणी ठरते, हे त्यांच्याविषयी नितांत आदर बाळगूनही म्हटले पाहिजे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला; तो हिंदी धर्मगुरूच्या हातून घेण्याचा आग्रह धरून स्वदेशावरील इमान त्यांनी राखले, परंतु नातलगांत राहिलेल्या पत्नीची संमती मात्र राहून गेली. सत्य स्वीकारण्याचा अधिकार त्यांचा होता, हे निर्विवाद; पण त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी भरली, जनापवाद आणि काही वर्षांचा वियोग सोसून भरली, आणि ती किती जड होती हे त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

यानंतरचे वर्तन मात्र मला अनुकरणीय वाटते. लक्ष्मीबाई नगरला पतीकडे आल्या त्या धर्म सोडून नव्हे; सोवळेओवळे आणि वेगळा स्वयंपाक यांसह आल्या. मिशनच्या आश्रयाने राहणाऱ्या गृहस्थाच्या घरी हे चालावे, याचा नव्या समाजातील कित्येकांना संकोच वाटला असेल. तरी टिळकांनी तिच्यावर बळजोरी केली नाही, आणि 1900 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. पतीवरील निष्ठा आणि पूर्वजांच्या धर्मावरील निष्ठा या दोहोंना एकाच छपराखाली जागा देणाऱ्या त्या बाईचे धैर्य मला पतीच्या धर्मांतराहूनही मोठे वाटते.

पुढे टिळकांना दुसऱ्या पेचाला तोंड द्यावे लागले. ज्या अमेरिकन मराठी मिशनचे अन्न खाल्ले, त्याच्या पाश्चात्य वळणात ख्रिस्त आपल्या देशबांधवांना परका वाटतो, हे त्यांना सलत होते. त्यांनी भजने रचली, कीर्तने केली, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात लेखणी चालविली, आणि 1917 मध्ये मिशनच्या मुशाहिऱ्यावर पाणी सोडून, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. या वेळी निर्णयाची झीज त्यांनी प्रथम स्वतःच्या पोटाला लावून घेतली. जुन्या धन्याचे मीठ खात राहून आतून त्याच्याविरुद्ध फितुरी करणे, किंवा बाहेर पडताच त्याची निंदा आरंभणे, हे दोन सुलभ मार्ग त्यांना मोकळे होते; त्यांनी राजीनाम्याचा सरळ मार्ग पत्करला.

1919 मध्ये ते वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य थोड्याच अध्यायांपर्यंत आले होते. त्याचा उरलेला बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचला.