शुद्ध पाण्याचा जमाखर्च

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनातर्फे केलेले भाषण)



रुग्णालयाच्या अहवालात खाटा, शस्त्रक्रिया व औषधे यांचे आकडे येतात. पाण्याचा उल्लेख क्वचितच येतो. तथापि यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांतून पाठीचा ताठरपणा, सांधेदुखी आणि मुलांच्या दातांवरील तपकिरी डाग घेऊन जे रुग्ण आमच्याकडे येतात, त्यांतील अनेकांच्या व्याधीचे मूळ भूजलातील फ्लोराइडमध्ये असते. आम्ही वेदना कमी करू शकतो. जखडलेला कणा पूर्ववत करणारे औषध मात्र आमच्याकडे नाही. म्हणून आज पाण्याविषयी चार शब्द मांडण्याची अनुमती घेतो.

या विषयातील सर्वांत मोठा धडा बंगालने दिला आहे. तळ्यांच्या दूषित पाण्याने होणारा कॉलरा व अतिसार टळावा, या सद्हेतूने १९७०च्या दशकापासून तेथील त्रिभुज प्रदेशात मोठ्या संख्येने हातपंप बसविले गेले. जंतूंचा धोका टळला. आर्सेनिकची तपासणी मात्र झाली नव्हती. नद्यांनी आणलेल्या गाळातील लोहसंयुगांना चिकटलेले हे विष प्राणवायूविरहित थरांत पाण्यात उतरते. १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या त्वचेवरील काळे डाग व तळहात-तळपायांवरील खरखरीत गाठी यांमागील कारण ओळखले. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचा कर्करोग संभवतो. पुढे बांगलादेशात सुमारे ५० लाख हातपंप तपासून सदोष पंपांना लाल व निर्धोक पंपांना हिरवा रंग देण्यात आला. तपासणी हाच तेथे पहिला उपचार ठरला.

आर्सेनिक व फ्लोराइड पाण्यात डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी उकळल्याने ते जात नाहीत. उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. इतक्या सूक्ष्म फरकाचा निर्णय प्रयोगशाळाच देऊ शकते.

उपाय अज्ञात नाहीत. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी व चुना वापरून फ्लोराइड गाळाबरोबर तळाशी बसविले जाते. आर्सेनिक शोषून घेणाऱ्या गाळण्याही उपलब्ध आहेत. परंतु पश्चिम बंगालमध्ये बसविलेली अशी कित्येक यंत्रे देखभालीअभावी निरुपयोगी ठरली. गाळणीतील शोषक द्रव्याची क्षमता संपली, तरी तोटीतून पाणी येतच राहते; फक्त विष अडत नाही. बंद यंत्रापेक्षा असे चालू यंत्र अधिक घातक होय.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर यंत्राची खरेदी हा एकदाच होणारा भांडवली खर्च. तपासणी, तुरटी, शोषक द्रव्य, वीज, गाळाची सुरक्षित विल्हेवाट आणि चालकाचे मानधन हा दरवर्षीचा खर्च. देणगी बहुधा पहिल्या खर्चासाठी येते, कारण यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. तुरटीच्या पोत्यावर नाव कोरता येत नाही; गावाचे आरोग्य मात्र त्या पोत्यावरच अवलंबून असते.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, पाण्यासाठी येणाऱ्या प्रत्येक देणगीचा काही भाग कायम निधीत ठेवावा. त्याच्या व्याजातून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाण्याची तपासणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. रुग्णांच्या आप्तांनीही आपल्या गावच्या हातपंपाचे पाणी तपासून घेण्याचा आग्रह धरावा.

आपल्याकडे पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानले जाते. ती वर्षानुवर्षे निर्दोष चालविणे, हे त्या पुण्याचेच उर्वरित अंग आहे. त्यासाठी आपले सहकार्य लाभावे, ही विनंती.