दंतवल्क आणि पेस्टमधील फ्लोराइड



दंतवल्क हा शरीरातील सर्वांत कठीण भाग होय. मात्र तो एकदा नष्ट झाला की पुन्हा उगवत नाही. गोड खाल्ल्यावर तोंडातील जंतू आम्ल निर्माण करतात व त्यात दंतवल्कातील खनिजे विरघळतात. फ्लोराइड ती खनिजे पुन्हा बसण्यास साहाय्य करते. म्हणूनच कमी फ्लोराइडच्या पेस्टने किडीपासूनचे संरक्षणही उणे पडते.

मग ती पेस्ट हवी कोणाला? नलगोंडा, झाबुआ अशा जिल्ह्यांत काही ठिकाणच्या भूजलातच लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड आढळते. ते पाणी पिणारे लहान मूल पेस्टही गिळू लागले, तर येऊ घातलेल्या पक्क्या दातांवर डाग उमटण्याचा धोका वाढतो. तेव्हा आधी विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पेस्ट वाटाण्याएवढीच, तीही मोठ्यांनी लावून द्यावी. आणि तपकिरी दातांच्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी अस्वच्छ म्हणू नये. ते डाग घासून जाणारे नसतात.