बाराजणांचा वर्ग

मोठा समुदाय जमविणे हे वक्त्याचे काम. जमलेल्या समुदायातील एकेका माणसाची विचारपूस करणे हे निराळेच काम होय. पहिल्याचा गवगवा होतो, दुसरे मुकाट्याने चालते. आणि दुसरे बंद पडले म्हणजे पहिल्याचे फळ फार काळ टिकत नाही. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात हा अनुभव वारंवार आलेला आहे. त्याचे एक बोलके उदाहरण अठराव्या शतकात इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदरात घडले. आणि त्याला निमित्त झाले ते एका कर्जाचे.

लहान गटांची कल्पना तशी जुनीच. सगळ्या लोकांचा न्यायनिवाडा एकट्याने करता करता मोशे थकून जाईल हे ओळखून त्याचा सासरा इथ्रो याने हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमण्याचा सल्ला दिल्याची कथा निर्गमाच्या पुस्तकात आहे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीला तर मंदिरे नव्हतीच. ती घरोघरी जमे. अक्विल्ला व प्रिस्किल्ला या तंबू करणाऱ्या दांपत्याच्या घरी भरणाऱ्या मंडळीला पौलाने आपल्या पत्रात सलाम पाठविला आहे. पुढे १६७० साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे स्पेनर या पाळकाने वाचन व प्रार्थना यांसाठी घरगुती बैठकी सुरू केल्या.

जॉन वेस्ली हे इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचे दीक्षित धर्मोपदेशक. १७३९ च्या एप्रिलमध्ये, जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या आग्रहावरून, त्यांनी ब्रिस्टलनजीक उघड्या माळावर उपदेशास प्रारंभ केला. किंग्जवूडच्या कोळशाच्या खाणींतील मजूर, ज्यांना चर्चचा उंबरठा ठाऊक नव्हता, ते हजारोंनी ऐकावयास येऊ लागले. त्याच वर्षी सभासदांना एकत्र येण्यासाठी 'न्यू रूम' नावाची वास्तू उभी राहिली. वास्तू झाली, पण तिच्यापायी कर्जही झाले.

१५ फेब्रुवारी १७४२ रोजी हे कर्ज कसे फेडावे याचा विचार करण्यासाठी सभा भरली. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना पुढे आली. अनेक सभासद अगदी दरिद्री होते. त्यांना पेनीही जड जाईल, असा आक्षेप निघाला. त्यावर फॉय नावाच्या दर्यावर्दी कप्तानाने तोड सुचविली. सर्वांत गरीब अशी अकरा माणसे आपल्याकडे सोपवावीत, आपण दर आठवड्यास त्यांच्या घरी जाऊ. ज्याला देणे जमेल तो देईल, ज्याला जमणार नाही त्याची पेनी आपण भरू. इतरांनीही हीच जबाबदारी उचलावी. अकरा सभासद आणि बारावा नायक, असा वर्ग याप्रमाणे तयार झाला.

पेनी गोळा करण्यासाठी हे नायक दारोदार जाऊ लागले आणि त्यांच्या दृष्टीस निराळ्याच गोष्टी पडू लागल्या. कोठे दारूचे व्यसन पुन्हा जडले होते, कोठे घरात भांडण पेटले होते. व्यासपीठावरून हजारोंना उपदेश करणाऱ्या वेस्लींना यांतले काही दिसत नव्हते. पेनी मागावयास गेलेल्या माणसाला ते दिसले. आपण जिच्या शोधात होतो ती व्यवस्था हीच, हे वेस्लींच्या तत्काळ ध्यानी आले. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या सभासदांचेही असेच वर्ग पाडण्यात आले.

प्रत्येक घरी जाण्यात अडचणीही होत्या. नोकरमाणसे धन्याच्या घरी राहत. तेथे मनमोकळे बोलणे अशक्य असे. वेळही फार जाई. म्हणून आठवड्यातून एकदा वर्गाने एकत्र बसावे असे ठरले. १७४३ साली प्रसिद्ध झालेल्या नियमांत नायकाची कामे नेमकी सांगितली आहेत. प्रत्येकाच्या जिवाचे कुशल विचारावे. प्रसंगी सल्ला द्यावा, कान उघडावेत, धीर द्यावा. गरिबांसाठी जो जे देईल ते स्वीकारावे. त्यानंतर नायकाने स्वतः उपदेशक व कारभारी यांची आठवड्यातून एकदा गाठ घ्यावी, कोण आजारी आहे, कोण वाट चुकतो आहे हे कळवावे आणि जमलेल्या पैशाचा हिशेब द्यावा. इतरांना विचारणारा नायक स्वतःही कोणाला तरी उत्तर देण्यास बांधलेला होता, ही गोष्ट विशेष महत्त्वाची.

या नायकांमध्ये विद्वान थोडेच होते. कारागीर, दुकानदार आणि ज्यांना एरवी चर्चमध्ये बोलण्याची मुभा नव्हती अशा स्त्रियाही त्यांत होत्या. प्रवचन करणे हे नायकाचे काम नव्हते. प्रश्न विचारावा, उत्तर ऐकावे आणि पुढच्या आठवड्यात ते ध्यानात ठेवावे, एवढीच अपेक्षा होती. आणि ती पुरी करणे प्रवचनापेक्षा सोपे नव्हते.

संख्या वाढली म्हणजे काय होते, याचा अनुभव १७६१ च्या फेब्रुवारीत डर्बी येथे सारा क्रॉस्बी यांना आला. वर्गाला तीसएक माणसे येतील अशा अपेक्षेने त्या गेल्या, तो सुमारे दोनशे माणसे जमली. एवढ्यांची एकेकट्याने विचारपूस करणे शक्य नव्हते; तेव्हा त्या सर्वांना उद्देशून बोलल्या. पुढे वेस्लींनी त्यांच्या या कृतीस दोष दिला नाही, आणि मेथॉडिस्ट स्त्रियांच्या उपदेशकार्याचा आरंभ या प्रसंगापासून मोजतात. परंतु दोनशे माणसांचा वर्ग हा वर्ग राहत नाही, त्याची सभा होते. म्हणून वर्ग वाढविणे याचा अर्थ त्यात माणसांची भर घालीत जाणे असा नव्हे. वर्गातूनच दुसरा नायक तयार करून त्याच्या हाती नवा वर्ग सोपविणे असा आहे. १७९१ साली वेस्ली वारले तेव्हा ब्रिटिश बेटांतील मेथॉडिस्ट सभासदांची संख्या ७० हजारांवर गेली होती. त्यांतील प्रत्येकाचे नाव कोणत्या ना कोणत्या नायकाच्या यादीत असे.

हीच पद्धत पुढे हिंदुस्थानातही आली. १८७१ च्या नोव्हेंबरात अमेरिकन मेथॉडिस्ट धर्मोपदेशक विल्यम टेलर मुंबईस आले. चर्चची इमारत बांधण्याआधी त्यांनी लोकांच्या घरीच वर्ग भरविले व सामान्य गृहस्थांना त्यांचे नायक केले. त्यांतील मंडळी मुख्यतः इंग्रजी बोलणारी होती. मुंबईत १८४८ पासून अत्यंत साधेपणाने राहिलेले जॉर्ज बोएन हेही त्यांना येऊन मिळाले. बेळगाव, वडोदरा, हैदराबाद येथे आज ज्या मेथॉडिस्ट मंडळ्या आहेत, त्यांच्या परंपरेत त्या ब्रिस्टलच्या सभेचा वाटा आहे.

परंतु एकोणिसाव्या शतकात इंग्लंड व अमेरिकेत या वर्गांना ओहोटी लागली. तोच प्रश्न, तेच पाठ झालेले उत्तर, अशी रीत पडली. काही वर्ग फुगले. कोठे वर्गाचे काम हजेरी आणि वर्गणी एवढ्यावर आले. जे पेनीपासून सुरू होऊन माणसापर्यंत पोचले होते, ते पुन्हा पेनीपाशी येऊन थांबले.

आजही अनेक मंडळ्यांत घरोघरी प्रार्थनासभा भरतात, गीते होतात, शास्त्रपाठ होतो, चहा होतो. त्या वाढाव्यात अशी इच्छा असणाऱ्याने किती माणसे आली हे मोजण्यापूर्वी, गेल्या आठवड्यात कोण आले नाही आणि त्याच्या घरी कोण जाऊन आले, हे विचारावे. ज्याची पेनी भरावयाची आहे असा मनुष्य बहुधा सभेस आलेलाच नसतो. कप्तान फॉय याने मागून घेतली होती ती अशीच अकरा माणसे.