गोष्टीचं औषध

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात लगुना प्वेब्लो ही मूळनिवासींची वस्ती आहे. तिथल्या श्रद्धेनुसार जग घडवलं ते कोळ्याच्या रूपातल्या आदिस्त्रीने. तिने मनात आणलं, नाव दिलं, की ती वस्तू अस्तित्वात यायची. कूळही तिथे आईकडून चालतं.

लेस्ली मार्मन सिल्को याच वस्तीत वाढल्या. ‘सेरेमनी’ ही त्यांची कादंबरी १९७७ साली आली. तिचा नायक टायो दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत पडलेला, मनाने पार खचलेला सैनिक. लष्करी इस्पितळात तो बरा होत नाही. मग बेटोनी नावाचा म्हातारा नवाहो वैदू त्याला हाती घेतो. या वैदूच्या घरात जडीबुटीसोबत जुनी कॅलेंडरं आणि टेलिफोनच्या डिरेक्टऱ्याही रचलेल्या! त्याचं म्हणणं असं, की काळ बदलला तसे विधीही बदलायला हवेत. मला कादंबरीतला हा सर्वांत धीट विचार वाटतो. लगुनाच्या जमिनीवरच युरेनियमची प्रचंड खाण होती. कादंबरीत तीही येते, कारण माणसाचं दुखणं जमिनीच्या दुखण्यापासून वेगळं काढता येत नाही.

लगुनाशीच नातं असलेल्या स्त्रीवादी लेखिका पॉला गन ॲलन यांनी मात्र पुढे आक्षेप घेतला: कुळाबाहेर सांगू नयेत अशा कथा सिल्कोंनी छापल्या. आक्षेप वजनदार आहे. कादंबरी वाचाल, तेव्हा तोही ध्यानात असू द्या.